खेटे घालायचे, तगादा लावायचा नाही

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोप लागेना, म्हणून सकाळची कामं बाजूला ठेवून लिहायला बसलेय. आधी तुमचं म्हणणं थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय का तेही तुम्हाला कळेल. आईच्या किडन्या गेल्यात, तीन वर्षं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा तुम्हीच घेऊन जाता, आणि तीन वर्षं रोज एकच प्रार्थना, की प्रभू, आईला बरं कर. मंडळीतले एक काका म्हणाले की एकदा मागितलं ना, मग परत मागणं म्हणजे अविश्वास, आता नुसते आभार मानत राहा. दुसरं कुणी म्हणालं उपास वाढवा, विश्वास कमी पडतोय. घरचे म्हणतात देवाची मर्जी, द्या सोडून, यालाच नम्रता म्हणतात. आणि बायबलात मत्तय 6:7 मध्ये येशूच म्हणतो की व्यर्थ बडबड करू नका. तर तेच ते मागणं हा हट्ट आहे का, असं तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता टाकल्यासारखी एक ओळ आहे की आता प्रार्थनेला बसलो की समोर कुणी आहे असं वाटतच नाही.

माझ्या मते खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. पण तिथपर्यंत यायला आधीचा गुंता सोडवावा लागेल.

मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेली नाही. नगर जिल्ह्यातली रिटायर्ड सिस्टर, म्हणजे नर्स आहे, 34 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची सहा डायलिसिस युनिटला. आणि 22 वर्षं आमच्या मंडळीतली बुधवारची महिलांची प्रार्थना सभा बघते, म्हणजे चाव्या, सतरंज्या, चहा आणि प्रेअर रिक्वेस्टची वही माझ्याकडे. म्हणून जे लिहीन ते त्या वहीतून आणि वॉर्डातून आलेलं समजा.

आणि एक आधीच कबूल करते की सगळ्या प्रार्थनांना एकच नियम लागत नाही. आजारासाठी मागणं वेगळं, दुसऱ्याचं मन वळावं म्हणून मागणं वेगळं (त्या माणसालाही स्वतःची इच्छा असते, देव त्याची मान पिरगळून वळवत नाही), आणि मला हीच नोकरी पाहिजे, हीच मुलगी पाहिजे हे तर फारच वेगळं. नवरा मारतोय आणि बाईला सांगायचं की टिकून राहा, प्रार्थना कर, हे मी माझ्या सभेत चालू देत नाही. लूक 18 मधल्या गोष्टीत न्यायाधीशाकडे परत परत जाणारी विधवा न्याय मागत होती, मार सोसायची ताकद नाही. तुमचं प्रकरण आजाराचं आहे म्हणून मी त्यावरच बोलते.

आता ते मत्तय 6:7. तिथे येशू म्हणतो की पुष्कळ बोललं की आपलं ऐकतील असं ज्यांना वाटतं त्यांच्यासारखं करू नका. म्हणजे शब्दांच्या वजनाने देवाला वाकवता येतं या समजुतीवर बोट आहे. तेच परत मागण्यावर असतं तर त्याच मत्तयात 26 व्या अध्यायात काय लिहिलंय ते बघा. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू तीनदा जाऊन प्रार्थना करतो आणि 44 व्या ओवीत स्पष्ट म्हटलंय की तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द बोलून प्रार्थना केली. तेच शब्द! रक्तबंबाळ व्हायच्या आदल्या रात्री देवाच्या पुत्राकडेही नवीन शब्द नव्हते. मग तुमच्याकडे तीन वर्षांनी कुठून येणार.

माझी एक कॅथलिक मैत्रीण होती, वसईची, आम्ही दोघी नाइटला एकत्र असायचो आणि ती जपमाळ करायची. माझ्या मनात यायचं की ही बघा बडबड, पन्नास वेळा नमो मारिया. एकदा पहाटे तीनच्या सुमाराला बघितलं तर ही एका म्हाताऱ्या पेशंटच्या कॉटपाशी उभी, ओठ हलत नाहीत, माळेचा एकच मणी अंगठ्याखाली धरलेला, आणि मी दोन इंजेक्शनं देऊन, चार्ट भरून परत आले तरी तोच मणी. त्या दिवसापासून कुणाची प्रार्थना बडबड आहे हे ठरवायचं मी सोडलं.

आणि त्या काकांना माझा सलाम सांगा आणि विचारा, डायलिसिस एकदा करून आपण म्हणतो का की झालं, आता विश्वास ठेवा? सोमवारी रक्त साफ होतं, बुधवारपर्यंत परत विष साठतं, परत मशीनला लावायचं, चार-चार तास. बुधवारी गेलं म्हणजे सोमवारचं फुकट गेलं असं कुणी म्हणत नाही. मनाचंही असंच असतं हो, भीती साठते, राग साठतो, पुढच्या बिलाचं टेन्शन साठतं, आणि ते सगळं परत परत देवापुढे काढावं लागतं. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनंती केली आणि मग थांबला, कारण त्याला उत्तर मिळालं, माझी कृपा तुला पुरे असं. ज्याला तसं स्पष्ट काही ऐकू आलेलं नाही त्याने का थांबायचं?

आता लूककडे या, कारण 11 आणि 18 हे दोन अध्याय तुमच्यासाठीच लिहिलेत असं समजा. 11 मध्ये एकजण मध्यरात्री मित्राचं दार वाजवतो, पाहुणा आलाय, तीन भाकरी दे. आतला म्हणतो दार लावलंय, पोरं झोपलीत, त्रास देऊ नको. तरी शेवटी देतो, आणि मैत्रीखातर नाही, बाहेरच्याच्या आग्रहामुळे. आपल्या शास्त्रात आग्रह म्हटलंय पण मूळ ग्रीक शब्द आहे अनाइदेया, त्याचा सरळ अर्थ निर्लज्जपणा. आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं होतं, कारण आपल्या घरांतून शिकवण काय, तर मागू नये, एकदा सांगितलं की समोरच्याला कळलं पाहिजे, दुसऱ्यांदा विचारलं तर लोचटपणा. आपण मानी माणसं. मग दोनदा मागून मिळालं नाही की आपण गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्याला नम्रता असं गोड नाव देतो. आत बघितलं तर तो रुसवा असतो. मी बायकांना सांगते की अगं, रडल्याशिवाय आई दूध पाजत नाही ही म्हण तुझ्याच आजीची ना?

आमच्या गल्लीत एक आजी होती, विधवा, मूल नाही. निराधारांच्या पेन्शनसाठी दर सोमवारी एका सरकारी कचेरीत जायची. हातात दुकानाची पिवळी प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, आणि दुपारची भाकरी, सगळं एकत्र, त्यामुळे दाखल्याला तेलाचा डाग. एकदा मी सोबत गेले होते. क्लार्क म्हणाला, आजी, तुम्ही परत आलात? आजी म्हणाली, मग कुठं जाऊ? भांडली नाही, रडली नाही, बाकावर जाऊन बसली. चौदा महिने घातले खेटे आणि मग मिळाली पेन्शन.

"मग कुठं जाऊ" हे मी त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. ज्याला दुसरं दार आहे तो खेटे घालत नाही. ज्याची ओळख आहे, पैसा आहे, तो एक फोन करतो. खेटे घालायला लागतात तेच मुळी माणूस खाली आलेला असतो म्हणून, त्यामुळे चिकाटी एका बाजूला आणि नम्रता दुसऱ्या बाजूला असं जे तुम्हाला घरच्यांनी आणि मंडळीतल्यांनी वाटून दिलंय ना, ते मला पटत नाही. (देव म्हणजे तो क्लार्क, असं मात्र समजू नका, लूक 18 मध्ये येशू उलटं सांगतो, की असला माणसाला न जुमानणारा न्यायाधीशसुद्धा कटकटीला कंटाळून न्याय देतो तर देव का देणार नाही.)

पण मागे लागण्याचा दुसरा प्रकार आहे, आणि तो मला माहीत आहे कारण तो मी स्वतः केलाय. तगादा. तगादा सावकार लावतो, कारण त्याचं येणं असतं. 2011 साली माझे मिस्टर लिव्हरच्या आजाराने अंथरुणाला खिळले, पाच महिने. मी उपास केले, साखळी प्रार्थना लावल्या, बायका पहाटे चारला उठून पाळीपाळीने गुडघे टेकायच्या. त्यांच्या जाण्यानंतर बऱ्याच महिन्यांनी ती वही उघडली तर माझ्याच अक्षरात एका पानावर लिहिलेलं, की प्रभू, मी 19 वर्षं संडे स्कूल घेतलं, दशांश कधी चुकवला नाही, शुक्रवारचा उपास मोडला नाही, तू माझं एवढं ऐकणार नाहीस? वाचताना अंगावर काटा आला. लूक 18 मध्ये विधवेच्या गोष्टीला लागूनच परुशी (धर्माचे नियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदाराची गोष्ट आहे, आणि तो परुशी मंदिरात उभा राहून काय सांगतो, तर आठवड्यातून दोनदा उपास करतो आणि मिळकतीचा दशांश देतो. माझीच यादी, फक्त संडे स्कूल तेवढं जास्तीचं. जकातदार लांब उभा, वर बघायचीही हिंमत नाही, छाती बडवून एकच वाक्य, की देवा, मज पाप्यावर दया कर.

मी असं म्हणत नाही की माझ्या तगाद्यामुळे मिस्टर गेले. लिव्हर गेलं होतं म्हणून गेले. आणि तुमच्या आईच्या किडन्याही तुमचा विश्वास मोजून चालत नाहीत, ज्याने हे तुम्हाला सांगितलं त्याने चांगलं केलं नाही. मला एवढंच म्हणायचंय की तगादा लावल्यामुळे त्या पाच महिन्यांत देव माझा देणेकरी झाला आणि नंतर वर्षभर मी त्याच्याशी बोलले नाही, जसं उधारी बुडवणाऱ्याशी बोलत नाहीत तसं. सभेच्या चाव्या माझ्याकडेच होत्या, दार उघडायचे, सतरंज्या टाकायचे आणि मागे चहा बघायच्या निमित्ताने बाहेर बसायचे. कुणाला कळलं नाही. पाळकसाहेबांना कळलं असावं, पण ते काही बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

दोन्ही एकाच बाईत बघायचं असेल तर मत्तय 15 वाचा, कनानी, म्हणजे इस्राएलबाहेरची बाई. मुलगी आजारी, ही येशूच्या मागे ओरडत येते. आधी तो एक शब्द बोलत नाही. मग शिष्य म्हणतात हिला घालवून द्या. मग तो म्हणतो मला इस्राएलच्या हरवलेल्या मेंढरांकडेच पाठवलंय. मग ते कुत्र्यांचं वाक्य, की मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना टाकणं बरं नाही, जे मला अजूनही घशाखाली उतरत नाही, आणि उतरतं असं सांगणाऱ्यांचा मला संशय येतो. पण ती काय म्हणते? खरंय प्रभू, तरी कुत्रीसुद्धा धन्याच्या मेजावरून पडलेला चुरा खातात. स्वतःचा मान तिने सोडला, मुलगी सोडली नाही. आणि येशू म्हणतो, बाई, तुझा विश्वास मोठा. शुभवर्तमानात एवढं कौतुक बारा शिष्यांपैकी कुणाच्या वाट्याला आलेलं मला तरी आठवत नाही.

मग "तुझी इच्छा होवो" याचं काय, तर ते म्हणायचंच, पण कधी म्हणायचं याला महत्त्व आहे. येशू आधी म्हणाला की हा प्याला माझ्यापासून टळून जावो, आणि मग म्हणाला तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको. पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर जाणं सोपं असतं, कारण मग निराश व्हायची भीतीच उरत नाही, काही मागितलंच नाही तर नाकारणार कोण. तुमच्या घरच्यांचा हेतू वाईट नसेल, तीन वर्षांत तेही थकलेत, पण थकवा तो थकवा, त्याला नम्रतेचा दाखला देऊ नका.

आणि कधी कधी मागणं नाकारलं जातं आणि मागण्याखालची गरज मात्र ऐकली जाते. संत ऑगस्टिनची आई मोनिका, उत्तर आफ्रिकेतली, मुलासाठी वर्षानुवर्षं रडली. 383 साली तो रोमला निघाला तेव्हा तिला तो जायला नको होता, कारण दूर गेला की हाताबाहेर जाईल. कार्थेजच्या किनाऱ्यावर तिने रात्रभर संत सिप्रियनच्या स्मारकाशी बसून प्रार्थना केली की याला जाऊ देऊ नको, आणि त्याच रात्री हा पठ्ठ्या तिला खोटं सांगून जहाजात बसून गेला. सकाळी किनारा रिकामा. पण इटलीला गेला म्हणूनच त्याला मिलानचे बिशप अँब्रोज भेटले आणि 387 च्या ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याने स्वतः नंतर लिहिलंय की देवाने तिचं त्या रात्रीचं मागणं दिलं नाही, ती नेहमी मागायची ते देण्यासाठी. त्या सकाळी किनाऱ्यावर तिला हे कुणी जाऊन सांगितलं असतं तर तिने त्याला हाकललं असतं, आणि बरोबरच केलं असतं. म्हणून तुम्हाला मी हे धीर म्हणून सांगत नाही, तुमच्या प्रार्थनेचं पुढे काय होईल हे मला माहीत नाही, फक्त तुम्ही आज जे मागताय त्याच्या खाली अजून काय आहे ते एकदा बघा.

आता ती शेवटची ओळ, समोर कुणी नाही असं वाटणं. हे सगळ्यांना होतं असं म्हणून मी उडवणार नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात 1883 साली झाला, शास्त्री घरातली एवढी विदुषी, आणि तिने मोकळेपणाने लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, ते पुढे काही वर्षांनी झालं. मुक्ती मिशन केडगावला उभं करणारी बाई ही. ती शोधत राहिली, धर्म मिळाला म्हणून थांबली नाही. येशू म्हणाला मागा, शोधा, ठोका, यात मधला शब्द आपण विसरतो. तीन वर्षं तुम्ही मागताय, ठोकताय, पण शोधताय का? म्हणजे आईच्या किडनीखेरीज त्याच्याशी दुसरं काही बोलणं झालंय का? हे मी टोचायला विचारत नाही, माझंही पाच महिने झालं नव्हतं.

मी काय करते ते सांगते, बघा जमतंय का. डायलिसिसच्या चार तासांत बाहेर बसून मोठी प्रार्थना करायचा प्रयत्न करू नका, होत नाही, टीव्ही चालू असतो, शेजारचे काका क्रिएटिनिनचे आकडे सांगत असतात. स्तोत्र 13 काढा, सहाच ओव्या आहेत, सुरुवातच "किती काळ" अशी आहे आणि चारदा तेच विचारलंय, बघा, तेच तेच मागणारे तुम्ही पहिले नाही. ते एकदा वाचायचं, स्वतःच्या शब्दांत आईचं एकदा मागायचं, आणि गप्प बसायचं. काही जाणवलं नाही तरी चालेल. जकातदाराला मंदिरात काही जाणवलं असं कुठे लिहिलंय? तो घरी गेला एवढंच आहे, आणि नीतिमान ठरून गेला हे येशूने आपल्याला सांगितलं, त्याला नाही. आणि शेवटी खरं तेच बोलायचं. राग असेल तर राग आलाय म्हणायचं. मूल व्हावं म्हणून रडत मागणाऱ्या हन्नाचे मंदिरात नुसते ओठ हलताना बघून, आवाज नाही, एली याजकाला वाटलं ही प्यायलीये, इतकी तिची प्रार्थना वेडीवाकडी होती. पण तिथून उठल्यावर जेवली आणि चेहरा उतरलेला राहिला नाही, आणि तेव्हा अजून मूलबाळ काही नव्हतं, हे नीट वाचा.

सिस्टर म्हणून दोन गोष्टी, त्या प्रार्थनेत बसत नाहीत असं कुणी म्हणालं तरी ऐका. कुठल्याही आरोग्य-सभेत कुणी डोक्यावर हात ठेवून म्हणालं की बऱ्या झालात, तरी एकही सेशन चुकवू नका. दोन सेशन चुकवून रात्री धापा टाकत आलेला पेशंट मी बघितलाय, पाणी छातीत आणि पोटॅशियम भलतंच वर. देवाने खरंच बरं केलं असेल तर रिपोर्टमध्ये दिसेल, मग डॉक्टरच बंद करतील. दुसरं, वय आणि तब्येत बघून ट्रान्सप्लांट होऊ शकतं का हे नेफ्रॉलॉजिस्टना विचारलंय का? मृत दात्याच्या किडनीसाठी हॉस्पिटलमार्फत झेडटीसीसीकडे (अवयवांची प्रतीक्षा यादी बघणारं विभागीय केंद्र) नाव नोंदवावं लागतं. एकदा विचारून त्यांनी उडवलं असेल तर परत विचारा, तिथेही खेटे घालावे लागतात. आणि तुम्हाला स्वतःला झोप नाही, जेवण जात नाही, सगळंच निरर्थक वाटतं असं कित्येक आठवडे चालू असेल तर तुम्हीही डॉक्टरला दाखवा, पेशंटला सांभाळणारी माणसं आधी कोलमडतात हे मी सहा वर्षं रोज बघितलंय.

तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात एक गोष्ट मला कुठे दिसली नाही. तीन वर्षं तुम्ही आईसाठी मागताय, पण आई स्वतःसाठी काय मागते, हे तिला विचारलंत का? आमच्या युनिटला एक मावशी होत्या, मुलगा बाहेर बाकावर बसून बरं होण्यासाठी प्रार्थना करायचा आणि त्या आत मशीनवर पडून मुलाचं लग्न ठरू दे म्हणून करायच्या, दोघांना एकमेकांचं माहीतच नव्हतं. मी एकदा बीपी घेताना न राहवून बाहेर जाऊन त्याला सांगितलं. तो आत आला, पहिल्यांदाच स्टूल ओढून तिच्या डाव्या बाजूला बसला, कारण उजव्या हातात सुया होत्या, आणि दोघं मिळून काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही, मशीनचा आवाज होता.

आईचं नाव कळवा, नुसतं नाव, आडनाव नको. बुधवारी वहीत लिहिते.